रात्री पोलीस दारात आले तर अडवायचं का?

प्रश्न : आम्ही जिल्ह्याच्या ठिकाणी भाड्याच्या फ्लॅटमध्ये राहतो. गेल्या आठवड्यात रात्री साडेअकराला दारावर थापा पडल्या. बाहेर तिघे होते. एक वर्दीत, दोघे साध्या कपड्यांत. दार उघडताच माझ्या धाकट्या भावाचं नाव घेत आत घुसले. भाऊ घरी नव्हता. तरी त्यांनी कपाटं उचकली, देवघराखालचा खण उपसला, भावाचा जुना मोबाइल आणि वडिलांचाही मोबाइल घेतला. कागद एकही दिला नाही. जाताना वडिलांना 'चौकीला येऊन जा' म्हणाले. वडील सदुसष्ट वर्षांचे आहेत. महिन्यापूर्वी कॉलनीत भावाचं भांडण झालं होतं, त्यावरून हे असावं. मामेभाऊ म्हणतो, वॉरंट नव्हतं म्हणजे ढकलून बाहेर काढायला हवं होतं, तो स्वसंरक्षणाचा हक्क आहे. त्याने एका अमेरिकन वकिलाचा व्हिडिओही पाठवलाय. आम्हाला अडवता आलं असतं का? पुन्हा आले तर काय करायचं?

उत्तर : ताई, आधी वडिलांचं बघू, कारण ते तातडीचं आहे. साक्षीदार म्हणून कुणाला बोलवायचं तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम १७९ प्रमाणे लेखी आदेश लागतो. साठ वर्षांवरचा पुरुष, पंधरा वर्षांखालचा मुलगा, कुठल्याही वयाची स्त्री, अपंग किंवा गंभीर आजारी व्यक्ती यांना चौकशीसाठी घराबाहेर बोलावताच येत नाही. पोलिसांनी घरी यायचं असतं. 'येऊन जा' या तोंडी निरोपावर वडिलांनी जाऊ नये. वय, पत्ता आणि 'घरी चौकशीस सहकार्य करीन' एवढं एका अर्जात लिहा, आधारकार्डाची प्रत जोडा, तो ठाण्यात देऊन दुसऱ्या प्रतीवर आवक शिक्का घ्या. शिक्का देत नसतील तर तोच अर्ज स्पीड पोस्टने ठाण्याला आणि पोलीस अधीक्षकांना पाठवा, पावती जपून ठेवा.

आता मामेभावाचा मुद्दा. तो अगदीच हवेत बोलत नाही. राजस्थानात केंद्रीय अबकारी खात्याचे अधिकारी रेहमान नावाच्या माणसाच्या घरी तंबाखूसाठी झडतीला गेले. झडतीची कारणं आधी लिहून ठेवलेली नव्हती. त्याने अडवलं आणि त्याच्यावर सरकारी नोकरावर बळाचा वापर केल्याचा खटला झाला. १९५९ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की कारणं नोंदवणं बंधनकारक होतं, झडतीच बेकायदा होती, म्हणून गुन्हा टिकत नाही. १९६२ मध्ये राधाकिशन खटल्यात त्याच न्यायालयाने म्हटलं की नियम मोडून होणाऱ्या झडतीला घरमालक विरोध करू शकतो. हे दोन्ही निकाल खरे आहेत आणि वकील ते आजही वापरतात.

पण रेहमानच्या खटल्यात राज्य सरकार सर्वोच्च न्यायालयापर्यंत अपिलात गेलं होतं. म्हणजे तो सुटला, पण खटल्यांतून फिरून. शिवाय मामेभाऊ ज्या हक्कावर भिस्त ठेवतोय, त्याला भारतीय न्याय संहितेच्या कलम ३७ ने मोठा अपवाद ठेवला आहे. लोकसेवक आपल्या पदाच्या नात्याने, सद्हेतूने काही करत असेल आणि त्यातून जिवाची किंवा जबर दुखापतीची वाजवी भीती नसेल, तर ते कृत्य कायद्याच्या काटेकोर कसोटीला उतरत नसलं तरी त्याविरुद्ध खासगी बचावाचा हक्क नाही. म्हणजे कागद अपुरा होता, पंच नव्हते, कारण लिहिलं नव्हतं, एवढ्यावर हात उचललात तर 'सद्हेतू होता की नव्हता' यावर खटला उभा राहतो. तुम्ही आरोपीच्या पिंजऱ्यात, आणि ज्यांनी तुमचं घर उचकलं ते फिर्यादी.

म्हणून आमचा सल्ला स्पष्ट आहे. विरोध करा, जरूर करा, पण तोंडाने, कागदाने आणि कॅमेऱ्याने. हाताने नको. दारात कोण कायदेशीर आणि कोण बेकायदा याचा निवाडा रात्री साडेअकराला होत नाही, तो कोर्टात होतो, आणि तिथे पोहोचेपर्यंत तुमची बाजू स्वच्छ राहिली पाहिजे.

झटापट झाली की काय होतं तेही सांगतो, कारण हे सारखं घडतं. हवालदाराचा हात धरला, कॉलर ओढली, दार त्याच्या अंगावर लोटलं, की न्याय संहितेचं कलम १३२ लागतं. शिक्षा दोन वर्षांपर्यंत, पण खरी अडचण म्हणजे ते अजामीनपात्र आहे. हातावर ओरखडा दाखवणारा वैद्यकीय दाखला आला की कलम १२१, साध्या दुखापतीलाही पाच वर्षांपर्यंत. फिर्यादीत मग एकट्या मामेभावाचं नाव येत नाही. आई, वहिनी, शेजारी सगळे येतात. त्यापुढचे कित्येक महिने घरात विषय जामिनाचा असतो. पोलीस कुठल्या अधिकाराने आत आले हा प्रश्न कुणी विचारतच नाही.

अमेरिकेचा व्हिडिओ बाजूला ठेवा. तिथेही राज्याराज्यांत फरक आहे. इंडियाना राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने २०११ मध्ये बेकायदा शिरणाऱ्या पोलिसालाही बळाने रोखता येणार नाही असं म्हटलं, आणि लोकांत गदारोळ झाल्यावर २०१२ मध्ये तिथल्या विधिमंडळाने कायदा बदलून काही परिस्थितींत तो हक्क दिला. आपल्याकडे असा कायदा नाही.

त्याहून महत्त्वाचं म्हणजे 'वॉरंट दाखवा' हा एकच प्रश्न आपल्याकडे पुरत नाही. पोलीस वॉरंटशिवाय घरात येऊ शकतात असे दोन मोठे मार्ग नागरिक सुरक्षा संहितेत आहेत, आणि तुमच्या घरी त्या दोन्हींची सरमिसळ झाली.

पहिला, कलम ४४. ज्याला अटक करायची आहे तो घरात आहे असं मानायला कारण असेल तर दार उघडून आत येऊ देणं घरच्यांवर बंधनकारक आहे. आपण कोण, कशासाठी आलो हे सांगून दार उघडायला सांगितलं आणि तरी उघडलं नाही, तर कडी तोडायचाही अधिकार त्यांना आहे. मात्र हा अधिकार माणूस शोधण्याचा आहे. पलंगाखाली, मोरीत, गच्चीवर, कपाटाच्या मोठ्या कप्प्यात माणूस असू शकतो, देवघराखालच्या खणात नाही. भावाविरुद्ध दखलपात्र (वॉरंटशिवाय अटक करता येईल असा) गुन्हा असेल आणि तो घरी असल्याचा वाजवी समज असेल, तर आत येणं कायदेशीर ठरू शकतं. खण उपसायला हे कलम कामाला येत नाही.

दुसरा, कलम १८५. तपासातली एखादी ठराविक वस्तू लगेच मिळाली नाही तर हातची जाईल, असं पोलीस ठाण्याच्या प्रभारीला किंवा तपासी अधिकाऱ्याला वाटलं तर वॉरंटविना झडती घेता येते. अट अशी की त्याने तसं मानण्याची कारणं आणि कुठली वस्तू हवी हे आधी केस डायरीत, म्हणजे तपासाच्या नोंदवहीत, लिहायचं. स्वतः जाता येत नसेल तर हाताखालच्याला लेखी आदेश द्यायचा, त्यात जागा आणि वस्तू दोन्ही. 'बघू काय सापडतं' अशी सरसकट झडती या कलमात बसत नाही. झडतीचं मोबाइलवर का होईना, दृक्‌श्राव्य चित्रीकरण करायचं आहे. नोंदीच्या प्रती ४८ तासांच्या आत दंडाधिकाऱ्यांकडे जायला हव्यात. आणि तुमच्या फार उपयोगाचं म्हणजे, घरात राहणाऱ्याने दंडाधिकाऱ्यांकडे अर्ज केला की त्या नोंदीची प्रत फुकट मिळते. हा अर्ज या आठवड्यात कराच. नोंद असेल तर काय लिहिलंय ते कळेल. नसेल, तर 'अशी नोंद आलेली नाही' हे उत्तर तुमच्या तक्रारीतला सर्वांत भक्कम कागद ठरेल.

झडती कुठल्याही मार्गाची असो, कलम १०३ प्रमाणे परिसरातले दोन स्वतंत्र, प्रतिष्ठित पंच हवेत, झडती त्यांच्यासमोर व्हायला हवी, घरच्यांना हजर राहू द्यायला हवं, आणि घेतलेल्या वस्तूंची, त्या कुठे सापडल्या त्यासह, पंचांच्या सहीची यादी तुम्हाला मिळायला हवी. बाईची अंगझडती बाईनेच घ्यायची. दोन मोबाइल बिनपंचनाम्याचे गेले, तिथेच तुमच्या घरची कारवाई घसरली.

रात्रीबद्दल एक गैरसमज सगळीकडे आहे. सूर्यास्तानंतर पोलीस घरात येऊच शकत नाहीत, असा सरसकट नियम नाही. बंदी आहे ती स्त्रीच्या अटकेवर. सूर्यास्त ते सूर्योदय तिला अटक करायची तर अपवादात्मक कारण, महिला अधिकारी आणि प्रथमवर्ग दंडाधिकाऱ्यांची पूर्वपरवानगी लागते. मात्र भाऊ घरी आहे का एवढंच पाहायला दर दोन-चार रात्रींनी कुणी दार वाजवू लागलं, तर १९६२ चा खडकसिंग निकाल लक्षात ठेवा. पाळतीच्या नावाखाली रात्री घरी जाण्याचा उत्तर प्रदेश पोलिसांचा नियम सर्वोच्च न्यायालयाने त्यात घटनाबाह्य ठरवला.

पुन्हा आले तर काय करायचं ते आता सविस्तर.

लाकडी दार उघडा, जाळीचं दार लावलेलं राहू द्या. नाव, हुद्दा, ठाणं, बक्कल नंबर विचारा. साध्या कपड्यांतल्यांचं ओळखपत्र जाळीतून पाहा आणि जमलं तर त्याचा फोटो घ्या. मग तीन प्रश्न : गुन्हा रजिस्टर नंबर काय, कलम कुठलं, माणूस हवाय की वस्तू? ओळखपत्र दाखवत नसतील तर ११२ ला फोन लावा, पत्ता सांगा आणि तुमच्या ठाण्याचं पथक इथे आलंय का ते विचारा. पोलीस असल्याचा बहाणा करून घरात शिरणारे चोरही असतात. समोरचा पोलीस आहे हे कळायला काही वाव नव्हता, तर कलम ३७ चा अपवाद लागू होत नाही, हेही त्याच कलमाच्या स्पष्टीकरणात आहे. पण ही विचारपूस दोन-तीन मिनिटांत संपवा. ओळख पटल्यावरही दार अडवून धरलं तर तोडण्याचं कारण आपणच त्यांच्या हातात देतो, वर न्याय संहितेच्या कलम २२१ खाली अडथळ्याचा गुन्हा.

ओळख पटली की जाळी उघडा, पण उघडताना एक वाक्य मोठ्याने, चित्रीकरणात येईल असं म्हणा : "मी तुम्हाला अडवत नाही, पण झडतीला माझी संमती नाही." हे वाक्य घरातल्या प्रत्येकाला पाठ असू द्या. न अडवणं म्हणजे परवानगी देणं नव्हे, आणि नंतर 'घरच्यांनीच आत बोलावलं' असं लिहिलं गेलं तर हेच वाक्य ते खोडून काढतं.

चित्रीकरण घरातल्या एकाच शांत माणसाने करावं. तीन-चार फूट अंतरावरून, कुणाच्या तोंडासमोर फोन न धरता, आधी भिंतीवरचं घड्याळ टिपून. आपल्याच घरातल्या घडामोडी टिपायला बंदी नाही, तरी कुणी फोन मागितला तर ओढाताण करू नका. त्याआधीच क्लिप दुसऱ्या गावच्या नातेवाइकाला गेलेली असावी. समाजमाध्यमांवर मात्र कापलेली क्लिप टाकू नका. मूळ फाइल न छेडता ठेवा, कोर्टात तीच लागते.

झडती सुरू होण्याआधी पोलीस आणि पंचांनी स्वतःची अंगझडती द्यावी, अशी नम्रपणे मागणी करा. पंचनाम्यांत 'आम्ही आमची अंगझडती दिली' हे वाक्य नेहमी असतं, तेव्हा ही मागणी त्यांना नवी नाही. आत येताना खिशात काय होतं हे त्यामुळे स्पष्ट राहतं. मग एका वेळी एकच खोली, आणि त्या खोलीत घरातला एक माणूस. तिघे तीन खोल्यांत शिरले तर 'एकेक खोली घ्या, आम्ही सोबत आहोत' असं सांगा. पंच म्हणून सोबत आणलेला अनोळखी माणूस असेल तर शेजारच्या दोघांची नावं सुचवा आणि ती नाकारली तर तेही कागदावर येऊ द्या.

पंचनामा सावकाश वाचा, घाई झाली तरी वाचा. 'एक मोबाइल' एवढं पुरेसं नाही. कंपनी, मॉडेल, रंग, दोन्ही आयएमईआय नंबर, सिम, काच तडकलेली असेल तर तेही. रोकड असेल तर कोणत्या नोटा, किती. सुरुवातीची आणि शेवटची वेळ. कोऱ्या ओळींवर आडवी रेघ मारायला लावा. सही करायची वेळ आली तर सहीच्या वर स्वतःच्या अक्षरात लिहा : 'झडतीस संमती नव्हती. वॉरंट अथवा लेखी आदेश दाखवला नाही. प्रत मिळाली' किंवा 'मिळाली नाही'. कोऱ्या कागदावर सही कधीही नाही, कुणी कितीही गोड बोललं तरी.

काय करू नये तेही सांगतो. शिव्या नकोत. फोनमधलं काही पुसू नका, वस्तू खिडकीबाहेर टाकू नका. पुरावा नष्ट केल्याचा वेगळाच गुन्हा होतो. भाऊ घरात असताना 'नाही' म्हणू नका. त्याऐवजी 'वकिलांशी बोलून सांगते' म्हणा. आणि आत आलेल्यांनी जिवावर बेतेल अशी मारहाण सुरू केली, तर प्रश्न बदलतो. तिथे कलम ३७ आड येत नाही, जीव वाचवण्याचा हक्क शिल्लक असतो, पण तोही लागेल तेवढ्याच बळापुरता. सुटल्यावर थेट सरकारी दवाखाना गाठून त्याच रात्री वैद्यकीय नोंद करून घ्या. दुसऱ्या दिवशी गेलात की 'मधल्या वेळात काय झालं' हा प्रश्न येतोच.

तुमच्या बाबतीत घटना होऊन आठवडा झालाय, त्यामुळे आता सोसायटीचं सीसीटीव्ही सर्वांत घाईचं आहे. कॅमेऱ्यांचं चित्रण साठवणारा डीव्हीआर ठराविक दिवसांनी जुनं चित्रण आपोआप पुसतो. सचिवांना आजच लेखी अर्ज द्या आणि त्या रात्री अकरा ते साडेबाराचं चित्रण पेनड्राइव्हवर घ्या. गाडीचा नंबर दिसला तर माहिती अधिकारात त्या रात्रीची पोलीस ठाण्याची दैनंदिनी आणि गाडीचं लॉगबुक मागता येईल. गुन्हा दाखल आहे का ते महाराष्ट्र पोलिसांच्या संकेतस्थळावर प्रसिद्ध झालेल्या एफआयआरमध्ये पाहा. संवेदनशील गुन्हे सोडले तर एफआयआर तिथे टाकणं २०१६ पासून सर्वोच्च न्यायालयाच्या आदेशाने बंधनकारक आहे.

तक्रार पोलीस अधीक्षकांकडे करा आणि तीच राज्य पोलीस तक्रार प्राधिकरणाकडे. तक्रारीत विशेषणं नकोत, वेळा आणि कृती लिहा. महाराष्ट्र पोलीस अधिनियमाचं कलम १४७ अधिकाराविना किंवा वाजवी कारणाविना घरात शिरणाऱ्या, झडती घेणाऱ्या पोलिसाला तुरुंगवासापर्यंत शिक्षा सांगतं. तपासाचे नियम जाणूनबुजून मोडून कुणाचं नुकसान केलं तर न्याय संहितेचं कलम १९९ आहे, सहा महिने ते दोन वर्षे. पण महाराष्ट्र पोलीस अधिनियमाच्या कलम १६१ मध्ये पोलिसाविरुद्ध खटला किंवा दावा करायला सहा महिन्यांची मुदत आहे आणि बऱ्याच चांगल्या तक्रारी तिथेच मरतात. 'वातावरण निवळू द्या' म्हणणाऱ्यांचं ऐकू नका. वकिलाची फी परवडत नसेल तर तुम्ही स्वतः अर्जदार व्हा. जिल्हा विधी सेवा प्राधिकरणात स्त्रीला उत्पन्नाची अट न लावता मोफत वकील मिळतो, फोन १५१००.

या सगळ्याने एक गोष्ट मात्र होणार नाही, आणि ती आत्ताच कळलेली बरी. झडती बेकायदा ठरली म्हणून त्यात सापडलेला पुरावा आपोआप बाद होत नाही, हे १९७३ च्या पूरणमल निकालापासून ठरलेलं आहे. तेव्हा भावाची केस आणि झडतीची तक्रार या दोन वेगळ्या गोष्टी म्हणूनच हाताळा.

भावाने लपणं तर आधी थांबवावं. तो बाहेर फिरतोय तोवर कलम ४४ चं कारण जिवंत राहतं आणि पोलीस दारात येत राहतात. भांडणाचे बहुतेक गुन्हे सात वर्षांच्या आतल्या शिक्षेचे असतात. त्यांत सहसा नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ३५ ची नोटीस देऊन बोलवायचं असतं, आणि नोटिशीप्रमाणे हजर राहणाऱ्याला लेखी कारणाशिवाय अटक करता येत नाही. वकिलाने कलमं पाहावीत, गरज वाटल्यास सत्र न्यायालयात अटकपूर्व जामिनाचा अर्ज करावा, आणि भावाने वकिलासोबत दिवसाउजेडी ठाण्यात जावं. वडिलांच्या मोबाइलसाठी ठाण्यात लेखी अर्ज द्या, खरेदीची पावती आणि आयएमईआय जोडा. जप्ती दाखवली असेल तर नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम ५०३ खाली दंडाधिकाऱ्यांकडे मुद्देमाल परत मागता येतो, बंधपत्र लिहून दिलं की फोन बहुधा मिळतो. जप्तीच दाखवलेली नसेल, तर तुमच्या तक्रारीत पहिला मुद्दा तोच घ्या.